त्र्यंबकचा धुंडिराज आणि दोन महायुद्धं

सायखेड्याहून चांदोरीकडे निघालात की गोदावरीचा पूल लागतो. एसटीत तुमचं लक्ष बहुधा मोबाइलमध्येच असतं, कुणाचं तरी रील चालू असतं. चालू द्या. पण एकदा खिडकीतून खाली बघा. हे पाणी त्र्यंबकेश्वरहून निघतं आणि नाशिकवरून आपल्याकडे येतं. ज्या माणसाने या देशाला स्वतःचं रीळ दाखवलं, त्याचा जन्म त्र्यंबकेश्वरचा आणि मृत्यू नाशिकचा. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब.

३० एप्रिल १८७० चा जन्म. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला, मग बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. पुढे फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना. प्लेगने पहिली बायको आणि मूल नेलं. भागीदारांशी बिनसलं आणि छापखानाही सुटला. चाळिशी आली तरी हा माणूस ‘सेटल’ नव्हता. आज घरी तुम्हाला जे ऐकावं लागतं, ते त्यांनीही भरपूर ऐकलं असणार!

मग मुंबईत एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात एकच किडा शिरला: पडद्यावर आपला राम, आपला कृष्ण का नाही? पुढचे कित्येक महिने ते पट बघत, वाचत, प्रयोग करत राहिले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली आणि गड्याने विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे कॅमेरा विकत घेतला. पैसे लावणाऱ्याला पटावं म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ थोडी थोडी टिपून पडद्यावर दाखवली. आज तुम्ही ज्याला टाइमलॅप्स म्हणता ना, तेच!

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. तारामतीचं काम करायला एकही बाई तयार होईना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना साडी नेसवली. रोहिदास झाला दादासाहेबांचाच मुलगा, भालचंद्र. आणि सरस्वतीबाई? त्यांनी दागिने दिले, सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला, शिवाय फिल्मला भोकं पाडणं आणि ती धुणं हेही शिकून घेतलं. पोस्टरवर नाव नव्हतं, पण त्यांच्याशिवाय हा सिनेमा झालाच नसता.

यश मिळालं तसे दादासाहेब मुंबई सोडून नाशिकला आले. आपल्या जिल्ह्यात शूटिंग, तेही १९१३ मध्ये! १९१४ साली आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं, तिकडेच राहून काम करण्याबद्दल विचारणाही झाली. त्यांनी नकार दिला आणि ते परत आले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. कच्ची फिल्म परदेशातून यायची, ती महागली. पैसेवाल्यांनी हात आखडता घेतला. लढाई युरोपात आणि चूल विझायची वेळ नाशिकच्या कारखान्यावर.

पण ते थांबले नाहीत. युद्ध चालू असतानाच, १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. त्यात राम आणि सीता, दोन्ही साळुंकेच! मुंबईत सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालले. पुढच्याच वर्षी नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली त्यांची लेक मंदाकिनी.

मग भागीदारांशी वाद झाले आणि ते रुसून काशीला गेले, पुन्हा परतलेही. एव्हाना जमाना बदलत होता. सिनेमा बोलू लागला आणि मूकपटांचा बादशहा मागे पडला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांनी बोलपट म्हणूनच बनवलेला एकमेव चित्रपट आणि तोच शेवटचा.

नंतर नाशिकला घरी बसून असतानाही किडा काही मेला नव्हता. दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि चित्रपट काढायला सरकारचा परवाना लागत होता. सत्तरी ओलांडलेल्या दादासाहेबांनी परवानगी मागितली. १४ फेब्रुवारी १९४४ ला नकाराचं पत्र आलं. दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, ते गेले. पहिल्या युद्धाला ते पुरून उरले होते, दुसऱ्याने मात्र कॅमेऱ्याला हातही लावू दिला नाही.

आज त्यांच्या नावाचा पुरस्कार देशात सर्वोच्च मानला जातो, पण त्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झालेत. ‘राजा हरिश्चंद्र’चीसुद्धा थोडीच रिळं उरली आहेत. तेव्हा पुढच्या सुट्टीत पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात नुसता सेल्फी काढून येऊ नका. ‘कालिया मर्दन’चा जो भाग वाचलाय तो शोधा आणि आवाजाशिवाय बघा. आजीला शेजारी बसवा. तिने लहानपणी जत्रेतल्या तंबूत काय पाहिलं होतं, तेही विचारा. ते मात्र कुठल्याच रिळावर नाही, आणि तिच्यानंतर सांगणारं कुणी उरणार नाही.