नोटेवरची सही

महिनाअखेरीस पाकिटात एकच शंभराची नोट उरली की आपण ती किती वेळा उलटसुलट करून बघतो! गांधीजी दिसतात, नंबर दिसतो. पण गव्हर्नरच्या सहीकडे कोण बघतंय? नोटांवर ही सही करणारा पहिला भारतीय माणूस मराठी होता : चिंतामण द्वारकानाथ देशमुख. आणि त्यांच्या सहीच्या नोटा छापल्या जायच्या आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये!

14 जानेवारी 1896 रोजी महाडजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म झाला. वडील रोह्याला वकील. 1912 च्या मॅट्रिकला चिंतामणराव पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी पटकावली. पुढे केंब्रिजला गेले ते मात्र विज्ञान शिकायला. वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय. म्हणजे गडी मूळचा सायन्सवाला! 1918 मध्ये आय.सी.एस. परीक्षेतही पहिला नंबर.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात वीसेक वर्षं नोकरी केल्यावर 1939 मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. ऑगस्ट 1943 मध्ये गव्हर्नर झाले. काळ कसला, तर महायुद्ध चालू, महागाई भडकलेली, बंगालमध्ये दुष्काळ. 1944 साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत जागतिक बँक आणि नाणेनिधीचा पाया घातला गेला, तिथेही ते भारताच्या बाजूने बसले होते. फाळणीनंतर तर काही महिने एकच रिझर्व्ह बँक दोन देशांचं काम बघत होती. 1 जानेवारी 1949 ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

1950 मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. 1952 ला ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. पहिली पंचवार्षिक योजना, 1955 ची स्टेट बँक, 1956 मधलं आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण... आज आपल्याला रोजची वाटणारी ही सगळी व्यवस्था त्यांच्या काळात उभी राहिली.

आणि मग मुंबईचा प्रश्न आला. जानेवारी 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. देशमुख काही सभा गाजवणारे पुढारी नव्हते. आकडे आणि फायली यांत रमणारा हा माणूस. गप्प बसले असते तर खुर्ची शाबूत होती. पण त्यांनी राजीनामा दिला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का होत नाही, हे लोकसभेत उभं राहून विचारलं. महाराष्ट्र व्हायला मात्र 1 मे 1960 उजाडावा लागला.

खुर्ची गेली म्हणून ते घरी बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोग, मग दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरूपद सांभाळलं. कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं. 1969 मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, ती हरले. 2 ऑक्टोबर 1982 ला हैदराबादला त्यांचं निधन झालं.

पहिला नंबर काढणारे आपल्या होस्टेललाही आहेत. पण कमावलेलं पद योग्य वेळी सोडता येणं, हा पेपर कुठल्याच सेमिस्टरला नसतो. देशमुखांनी तो दिला. पुढच्या वेळी मेसचं बिल भरताना नोटेवरची सही जरा बघा, एवढंच!