मेजर आर्मस्ट्राँग आणि आपला वॉकी-टॉकी

आर्मस्ट्राँग म्हटले की आपल्यापुढे उभा राहतो तो चंद्रावर पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग. संगीताचे दर्दी असतील त्यांना तुतारीवाला लुई आर्मस्ट्राँग आठवेल. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते तिसरेच. त्यांचे नाव मलाही ठाऊक नव्हते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने बिनतारी यंत्रांच्या वाटेला जावे असे काही कारणही नव्हते. कारण घडले ते एन.एस.एस.च्या निवासी शिबिरात, आणि तेही माझ्याच हातून झालेल्या चुकीमुळे.

शिबिर होते कर्जतच्या पुढे डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर. दोन तुकड्या पाण्याच्या जुन्या झऱ्यांची पाहणी करायला दोन सोंडांवरून वर निघाल्या होत्या. मोबाइलची रेंज वाडीतच संपली होती, म्हणून सरांनी प्रत्येक तुकडीला एकेक वॉकी-टॉकी दिला आणि तिसरा स्वतःजवळ ठेवला. हातात यंत्र आल्यावर मला कोण आनंद झाला! बटण दाबून धरून मी झरा, झाडे, दिसणारे इर्शाळगडाचे टोक, सगळ्याचे धावते वर्णन चालवले होते. त्याच वेळी पलीकडच्या सोंडेवर दुसऱ्या तुकडीतल्या मुलाचा पाय घसरून घोटा मुरगळला होता आणि त्याचे सोबती खाली कळवू पाहत होते. मी सरांच्या जवळ होतो, ते लांब. सरांना ऐकू आला तो फक्त माझा आवाज. मागे कोणी बोलते आहे याची पुसटशी खरखरसुद्धा नाही. तासाभराने एक मुलगा धावत खाली आला तेव्हा प्रकार कळला.

शिबिर संपल्यावर विज्ञान शाखेच्या एका सरांना मी याचे कारण विचारले. ते म्हणाले की यंत्र बिघडलेले नव्हते, उलट नेमके जसे चालावे तसेच चालले होते. एफ. एम. पद्धतीत एकाच चॅनलवर दोघे बोलू लागले तर जो जोरकस तो पूर्ण जागा व्यापतो आणि दुबळा नाहीसाच होतो. विमानांच्या संभाषणात अजून जुनीच ए. एम. पद्धत ठेवली आहे, त्याचे एक कारण हेच सांगतात. तिथे दोघे एकदम बोलले तर निदान गोंधळ तरी ऐकू येतो. आणि ही एफ. एम. पद्धत ज्यांनी उभी केली त्या गृहस्थांचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. मग मी ग्रंथालयाच्या मागे लागलो.

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतील कचेरीत, आई लग्नापूर्वी शिक्षिका. घर पुस्तकांचे. लहानपणी त्याला अंग झटके देत राहते असा आजार जडला. शाळा दोन वर्षे सुटली आणि खांद्याचा व मानेचा झटका जन्मभर राहिला. मुलगा एकलकोंडा झाला. पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी राहायला गेले. तिथे घराच्या माळ्यावर त्याने आपले राज्य थाटले. वडिलांनी दिलेल्या शोधकांच्या गोष्टींच्या पुस्तकातून मार्कोनी त्याच्या मनात शिरला होता. अंगणात त्याने सुमारे १२५ फूट उंचीचा खांब स्वतःच्या हातांनी उभारला आणि दोराला बांधलेल्या फळीवर बसून तो वर चढू लागला. उंचीचे हे वेड त्याला शेवटपर्यंत सोडून गेले नाही.

कोलंबिया विद्यापीठात तो लाल मोटारसायकलवरून जाई. त्या काळी ली डी फॉरेस्ट यांनी काढलेली ऑडिअन नावाची निर्वात नलिका बाजारात होती. ती दुबळा संदेश थोडासा पकडी, पण ती आत कशी चालते हे खुद्द डी फॉरेस्ट यांनाही नीट उमगले नव्हते. एडविनने ते मोजून पाहिले. नलिकेतून बाहेर पडणारा प्रवाह थोडा परत तिच्याच तोंडाशी आणून सोडला, तर तोच तोच संदेश फिरून फिरून हजारपट मोठा होतो, हे त्याला १९१२ साली आढळले. याहून पुढची गंमत अशी की हा फेरा आणखी वाढवला तर तीच नलिका स्वतः लहरी फेकू लागते, म्हणजे ऐकणारे यंत्र बोलणारे होते. तेव्हा तो बावीस वर्षांचाही नव्हता.

पेटंटला पैसे हवे होते. वडिलांनी आधी पदवी घे असे बजावले. मग त्याने आकृती काढून ३१ जानेवारी १९१३ रोजी तिच्यावर नोटरीचा शिक्का तेवढा मारून घेतला. पेटंटचा अर्ज ऑक्टोबरमध्ये गेला. मधल्या या महिन्यांची किंमत त्याला पुढे मोजावी लागली. डी फॉरेस्ट यांनी हा शोध आपलाच असल्याचा दावा केला आणि खटला १९३४ पर्यंत चालला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोनदा निकाल दिला आणि दोन्ही वेळा डी फॉरेस्ट यांच्या बाजूने. कायद्याच्या शब्दांत काय बसले असेल ते असो. त्या विषयातल्या इंजिनिअरांना मात्र तो पटला नाही. आर्मस्ट्राँग यांनी रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेचे पूर्वी मिळालेले सन्मानपदक १९३४ च्या संमेलनात परत द्यायला काढले, तेव्हा संस्थेने ते परत घेण्यास नकार दिला. न्यायालयापुढे हरलेल्या माणसाला त्याच्या व्यवसायबंधूंनी असे उभे राहून जिंकवल्याची उदाहरणे फार नसतील.

पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्याच्या सिग्नल विभागातून पॅरिसला गेले आणि मेजर होऊन परतले. पुढे सारे त्यांना मेजर म्हणूनच ओळखत. तिथे १९१८ साली त्यांना दुसरा शोध लागला, सुपरहेटरोडाइन. नाव जिभेला जड आहे, कल्पना सोपी आहे. येणारी लहर फार जलद कंपनांची आणि हाताळायला अवघड; म्हणून यंत्रात आपली एक लहर तयार करून ती तिच्यात मिसळायची, म्हणजे दोघींच्या फरकाएवढी संथ लहर मिळते, आणि ती हवी तेवढी मोठी करता येते. फ्रान्समध्ये ल्युसिएं लेव्ही यांनीही याच सुमारास याच दिशेने काम केले होते, आणि इथेही पेटंटचा वाद झालाच. आजोबांच्या ज्या ट्रान्झिस्टरवर मुंबई केंद्र लागत असे त्यात हीच युक्ती होती.

या शोधांनी मेजर श्रीमंत झाले. १९२२ साली त्यांचा आणखी एक शोध आर. सी. ए. कंपनीने दोन लाख डॉलर आणि साठ हजार शेअर देऊन घेतला. त्या कंपनीचे डेव्हिड सार्नॉफ त्यांचे स्नेही. सार्नॉफ यांच्या सेक्रेटरी मॅरिअन मॅकइनिस यांच्याशी १ डिसेंबर १९२३ रोजी मेजरांचे लग्न झाले. लग्नाची भेट म्हणून त्यांनी पत्नीला एक रेडिओ स्वतः बनवून दिला. हातात धरून नेता येईल असा हा पहिला सुपरहेटरोडाइन. दोघे समुद्रकिनारी तो मध्ये ठेवून बसले आहेत असे एक छायाचित्र आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका उंच इमारतीवरील मनोऱ्याच्या अगदी टोकावर चढून त्यांनी छायाचित्रे काढून घेतली होती आणि सार्नॉफ चिडले होते.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज कडाडली की जुन्या रेडिओत तडतड होते. याचे कारण ए. एम. पद्धतीत आवाजाबरोबर लहरीची उंची कमी-जास्त करतात. आणि वीजही लहरीच्या उंचीलाच धक्का देते. यंत्राला दोन्ही सारखेच. मेजरांनी ठरवले की उंची एकसारखी ठेवायची आणि आवाजाबरोबर कंपनांची संख्या बदलायची. मग उंचीतला सारा गदारोळ कापून टाकला तरी आवाजाला ओरखडा उठत नाही. १९२२ साली जॉन कार्सन नावाच्या नामांकित गणितज्ञाने या वाटेत लाभ नाही असे दाखवून दिले होते. कार्सन यांचे गणित अरुंद पट्ट्यापुरते बरोबर होते. मेजरांनी पट्टा ऐसपैस रुंद घेतला, आणि तिथे गणिताचे उत्तर बदलले. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना पेटंटे मिळाली. १९३४ साली एम्पायर स्टेट इमारतीवरून त्यांनी प्रयोग केले. ५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कच्या सभेत इंजिनिअरांना पेल्यात पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगाळल्याचा आवाज ऐकवला. मैलोगणती दूर असलेल्या पेल्यातले पाणी सभागृहात स्वच्छ ऐकू आले.

पण आर. सी. ए.ला त्या वेळी दूरचित्रवाणी हवी होती, आणि ए. एम. रेडिओचा बसलेला धंदा मोडायचा नव्हता. मेजरांना एम्पायर स्टेटवरून आपले सामान हलवावे लागले. त्यांनी न्यू जर्सीतील अल्पाइन येथे हडसनच्या कड्यावर चारशे फुटांहून उंच मनोरा स्वतःच्या खर्चाने उभारला. तीन लाखांहून अधिक डॉलर गेले. १९४० साली आर. सी. ए.ने त्यांना एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या विक्रीच्या प्रमाणात स्वामित्वधन देत होत्या. तसेच यांनीही द्यावे म्हणून मेजरांनी नकार दिला. माझ्या मते त्यांचे इथे चुकले नाही, पण व्यवहारी माणसाने दहा लाख घेतले असते.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा मात्र याच माणसाने आपली एफ. एम. पेटंटे सैन्याला फुकट वापरू दिली. १९४३ मध्ये आलेला एस. सी. आर.-३०० हा पाठीवरचा संच मोटोरोला कंपनीने (तेव्हा तिचे नाव गॅल्व्हिन होते) बनवला. वजन पंधरा किलोच्या आसपास आणि पल्ला तीन मैलांचा. वॉकी-टॉकी हे नाव या पाठीवरच्या यंत्राचे. हातात धरायचा त्याच कंपनीचा त्याआधीचा लहान संच हँडी-टॉकी म्हणून ओळखला जाई आणि तो ए. एम.वर चाले. आज आपण हातातल्यालाच वॉकी-टॉकी म्हणतो, आणि आत असते मेजरांची एफ. एम.

आपल्या भागात या यंत्राचे महत्त्व सांगायला नको. कर्जतहून लोणावळ्याकडे सदतिसास एक अशा चढावर गाडी जाते तेव्हा मागून इंजिने ढकलत असतात. अशा गाड्यांवर चालक आणि गार्ड (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) यांच्यापाशी वॉकी-टॉकी असतो. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गाडी वर जात नव्हती, मोठे यंत्र वर जात नव्हते, पाऊस थांबत नव्हता. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. अशा डोंगरावर वरचा शब्द खाली वेळेवर पोहोचणे म्हणजे काय, हे आम्हांला शिबिरात मुरगळलेल्या घोट्याएवढ्या स्वस्तात कळले.

सरांनी नंतर आम्हांला यंत्र पहिल्यापासून शिकवले. अँटेना घट्ट बसवल्याशिवाय बटण दाबायचे नाही, नाहीतर संचच जळू शकतो. निघण्यापूर्वी सर्वांचे चॅनल आणि टोन सारखे आहेत का हे एकमेकांजवळ उभे राहून तपासायचे. टोन जुळला म्हणजे बोलणे गुप्त झाले असे नव्हे. इतरांचे आपल्याला ऐकू येत नाही एवढेच. संच उभा, तोंडापासून चार बोटे लांब, अँटेना डोळ्यापासून दूर. आधी ऐकायचे, मग बटण दाबून क्षणभर थांबून मोजके बोलायचे, ओव्हर म्हणून बटण सोडायचे. डोंगर आडवा आला की लहर अडते, म्हणून एकाने सोंडेवर राहून निरोप इकडून तिकडे द्यायचा. पण वीज चमकू लागली की त्यानेच आधी खाली यायचे. सुरुंगाचे काम चालू असेल तिथे संच बंद, कारण विजेवरच्या सुरुंगाला त्याच्या लहरी धोक्याच्या. आणि बाजारात मिळतो म्हणून कोणताही संच घ्यायचा नाही. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच परवान्यातून मोकळे केले आहेत. हॅम रेडिओसाठी परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो.

मेजरांची पुढची कथा दुःखाची आहे. १९४५ साली सरकारने एफ. एम.चा पट्टा हलवून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला. तोवर लोकांनी घेतलेले लाखो संच एका निर्णयाने निकामी झाले. आर. सी. ए. स्वामित्वधन देईना. जुलै १९४८ मध्ये मेजरांनी दावा लावला. प्रतिपक्षाचे वकील त्यांना महिनोन् महिने प्रश्न विचारत राहिले. पेटंटांची मुदत संपत आली, पैसा संपत आला. कोलंबियात ते प्राध्यापक होते, पण पगार नाममात्र एक डॉलर घेत. १९५३ च्या नोव्हेंबरात घरात भांडण झाले आणि मॅरिअनबाई बहिणीकडे निघून गेल्या. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री मेजरांनी पत्नीची क्षमा मागणारे पत्र लिहिले आणि स्वतःचे जीवन संपवले. आकृतीवर शिक्का मारून घेतला होता त्याला त्या दिवशी एक्केचाळीस वर्षे झाली होती.

मॅरिअनबाईंनी खटले सोडले नाहीत. त्याच वर्षाअखेर आर. सी. ए.ने दहा लाखांहून थोडी अधिक रक्कम देऊन तडजोड केली, म्हणजे १९४० साली देऊ केली होती जवळजवळ तेवढीच. बाई एकेका कंपनीमागे लागल्या आणि एकेक दावा जिंकत गेल्या. सर्वांत शेवटी उरली मोटोरोला, पाठीवरचा वॉकी-टॉकी बनवणारी. तो निकाल १९६७ साली बाईंच्या बाजूने लागला. अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या इमारतींबरोबर तेथील अँटेनाही कोसळल्या, तेव्हा शहरातील काही दूरचित्रवाणी केंद्रांनी आपले प्रक्षेपण याच मनोऱ्यावरून चालू केले होते.