ऑस्कर बार्नाक आणि त्यांचा चिमुकला कॅमेरा

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांना फोटो काढण्याचा नाद आहे, त्यांच्या कानीं लायका कॅमेऱ्याचें नांव आलें असेलच. त्याचे जनक ऑस्कर बार्नाक हे १८७९ सालीं जर्मनींत, बर्लिनच्या दक्षिणेस लिनोव्ह ह्या खेड्यांत जन्मले. पेशानें ते यंत्रकारागीर. १९०२ पासून येना शहरीं झाइस यांच्या कारखान्यांत कामास होते.

त्यांना दम्याची व्यथा होती, आणि छंद मात्र रानडोंगरांत हिंडून देखावे टिपण्याचा! त्या काळचा कॅमेरा म्हणजे मोठी पेटी, तिवई आणि जड काचा यांचें ओझें. तेव्हां १९०५ च्या सुमारास त्यांनीं एकाच काचेवर पंधरा-वीस लहान चित्रें घेऊन तीं मोठीं करून पाहिलीं. पण काचेवरील रुप्याचे कण इतके जाडेभरडे, कीं चित्रावर वाळू पसरल्यासारखें दिसूं लागलें. तो प्रयत्न तेथेंच राहिला.

१९११ सालीं ते वेट्झलार येथें लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शक यंत्रांच्या कारखान्यांत आले. सिनेमाची फिल्म पडद्यावर कितीतरी पट मोठी होऊनही चित्र सुबक राहतें. मग तीच फिल्म कां वापरूं नये? सिनेमाच्या दोन चौकटींएवढी, २४ बाय ३६ मिलिमीटरांची चौकट धरून १९१४ पर्यंत त्यांनीं खिशांत मावणारा कॅमेरा तयार केला. पुढें महायुद्धानें सर्वच खोळंबलें.

१९२४ च्या जूनमध्यें कारखान्यांत ह्या कॅमेऱ्याविषयीं खल झाला. एवढेंसें निगेटिव्ह पुष्कळांस पोरखेळ वाटे. कामगारांस काम पुरवावयाचें होतें, आणि बेत फसला असता तर त्याची झळ त्यांनाच लागती. मालक अर्न्स्ट लाइट्झ यांनीं तरीही जोखीम पत्करली, व १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत लायका लोकांपुढें आला.

आतां कस लागला तो फिल्म धुणाराचा. मंद फिल्मचे कण सामान्यतः बारीक. परंतु तिला प्रकाश फाजील दिला, किंवा ती डेव्हलपरमध्यें अधिक वेळ ठेवली, तर कण ठळक होतात. सिनेमाच्या फिल्मकरितां कोडॅक कंपनीनें १९२७ च्या सुमारास काढलेलें डी-७६ हें डेव्हलपर येथें उपयोगी पडलें. त्यांतील सोडियम सल्फाइट कणांच्या कडा किंचित् विरघळवितें. द्रावणाची उष्णता ६८ अंश फॅरनहाइट असावी. आमच्याकडे वैशाखांत नळाचेंच पाणी याहून कढत येतें. तेव्हां भांडें बर्फाच्या परातींत ठेवणें प्राप्तच आहे!

बार्नाक १६ जानेवारी १९३६ रोजीं वारले. १९२० सालीं वेट्झलारांत पूर आला, तेव्हां त्यांनीं आपल्या चिमुकल्या कॅमेऱ्यानें टिपलेले पाण्यांत बुडालेले रस्ते आजही पाहावयास मिळतात.