नायगावची लेक आणि पाण्याचा हिशेब

खंडाळा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नीरा वाहते. तरीही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा तालुका वर्षानुवर्षे अवर्षणाशी झगडत आला आहे. याच तालुक्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म झाला. स्त्रीशिक्षणाच्या प्रवर्तक म्हणून महाराष्ट्र त्यांचे स्मरण दरसाल करतो. परंतु शहरांची वाढ आणि पाणी या आजच्या चिंतेवरही त्यांच्या चरित्रातून प्रकाश पडतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

१८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी विवाह होऊन त्या पुण्यास आल्या. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि पुढल्याच वर्षी या कार्यापायी दांपत्यास सासरचे घर सोडावे लागले. त्या काळी पुण्यास पाण्याची अगदीच वाण नव्हती. पेशवाईत कात्रजच्या तलावातून आणलेले पाणी शहरातील हौदांत येत असे. मात्र त्या पाण्याला हात कोणी लावावा, हे जात ठरवीत असे. १८६८ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. पाणी शहरात आणणे हे स्थापत्यशास्त्राचे काम. ते कोणाच्या घागरीत पडावे हा न्यायाचा प्रश्न, हे या एका कृतीने दाखवून दिले.

पुढे १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. ओतूरहून जोतीरावांना धाडलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी जुन्नर भागातील माणसांची व जनावरांची दैना आणि गाव सोडून निघालेल्या लोकांचे हाल वर्णिले आहेत. गावचे पाणी आटले की माणसे देशोधडीला लागतात आणि शहरांच्या कडेला येऊन विसावतात. जोतीरावांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून या दुखण्याच्या मुळावरच बोट ठेवले. डोंगरउतारावर बांध घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे, तळी बांधावीत आणि कालव्याचे पाणी शेतकऱ्याला मोजून व खात्रीने मिळावे, असा त्यांचा आग्रह होता.

१८९० मध्ये जोतीराव निवर्तले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाई रुग्णांच्या सेवेत उतरल्या आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. दाटीवाटीने वाढलेल्या शहराने आरोग्याची व्यवस्था मागे ठेवली की त्याची किंमत अखेर माणसे मोजतात.

आज नायगावच्या शेजारी शिरवळ, केसुर्डी, खंडाळा या पट्ट्यात महामार्गालगत कारखाने आणि वसाहती वाढत आहेत. रोजगार हवाच, त्याला विरोध करणे शहाणपणाचे नव्हे. परंतु नव्या वसाहतीस परवानगी देण्यापूर्वी तिचे पाणी कोठून येणार आणि सांडपाणी कोठे जाणार, याचा हिशेब मागितला पाहिजे. वापरलेले पाणी शुद्ध करून कारखान्यांनी पुन्हा वापरावे, डोंगरपायथ्याच्या गावांत पाझर तलाव राखावेत आणि टंचाईच्या दिवसांत पिण्याच्या पाण्याला पहिला मान असावा. वीर धरणाचे पाणी कालव्याने पुढे जाताना काठावरच्या गावाने रिकामी घागर घेऊन उभे राहावे, हे न्यायाचे होणार नाही.

नायगावात स्मारक आहे, जयंतीला गर्दीही लोटते. तथापि या लेकीच्या माहेरी प्रत्येक घरात पुरेसे पाणी पोहोचेल, तोच तिचा खरा सन्मान होय.