स्वाध्यायी अभियंता निकोलस क्रिस्टोफिलोस

गुरू आणि प्रयोगशाळा या दोहोंवाचूनही ज्ञानसाधना करता येते, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगताना आम्हांस निकोलस क्रिस्टोफिलोस यांचे चरित्र आठवते.

ग्रीक माता-पित्यांच्या पोटी १९१६ साली अमेरिकेतील बोस्टन येथे त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी ते ग्रीसमध्ये आले. अथेन्स येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते लिफ्ट बसविणाऱ्या कंपनीत नोकरीस लागले. महायुद्धात जर्मन सैन्याने ग्रीस व्यापला आणि कारखान्यात ट्रकदुरुस्ती सुरू झाली. मिळालेल्या फावल्या वेळात त्यांनी जर्मन ग्रंथांवरून अणुविज्ञान आत्मसात केले.

समान विद्युत् भाराचे कण परस्परांना दूर लोटतात. त्यामुळे कणवेगवर्धकातील झोत पसरू लागतो. चुंबक त्यास एका दिशेने आवळते, तर दुसऱ्या दिशेने पसरविते. अशी चुंबके आलटूनपालटून मांडली, तर झोत एकंदरीत आवळलाच जातो, हे क्रिस्टोफिलोस यांनी ओळखले. १९५० साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. बर्कलीच्या प्रयोगशाळेलाही कळविले. तेथे कोणी लक्ष दिले नाही. १९५२ साली ब्रुकहेवनच्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे हाच शोध लावला. क्रिस्टोफिलोस यांनी अमेरिकेत येऊन आपला शोध आधीचा असल्याचे दाखविले. त्या शास्त्रज्ञांनी ते जाहीरपणे मान्य केले व ब्रुकहेवन येथेच त्यांना काम मिळाले.

पुढे लिव्हरमोर येथे अणुसंमीलनाच्या ‘ॲस्ट्रॉन’ यंत्रासाठी त्यांना शेकडो अँपिअरचा इलेक्ट्रॉन-झोत हवा होता. त्यासाठी त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालणारा रेषीय प्रवर्तन वेगवर्धक निर्माण केला. त्यांची प्रतिभा शस्त्रांच्याही कामी आली, हे आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. त्यांच्याच कल्पनेवरून १९५८ साली दक्षिण अटलांटिकच्या आकाशात अतिउंचावर तीन अण्वस्त्रांचे स्फोट करण्यात आले.

ॲस्ट्रॉनला यश लाभले नाही. १९७२ साली, वयाच्या ५५व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच, हायड्रोजनच्या समस्थानिकांनी भरलेल्या इवल्याशा गोळीवर जड आयनांचे झोत आदळून ऊर्जा मिळविण्याचा विचार पुढे आला. त्यासाठी बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी त्यांचाच प्रवर्तन वेगवर्धक निवडला. झोत आवळण्याची रीतही त्यांनीच सुचविलेली होती. ज्या प्रयोगशाळेने एकेकाळी त्यांच्या टिपणाकडे दुर्लक्ष केले, तिनेच त्यांचे कार्य पुढे नेले.

या मार्गाने वीज अद्याप निर्माण झालेली नाही. परंतु स्वतःच स्वतःचा दीप होण्याची तथागतांची शिकवण आम्हांस या जीवनात दिसते. आणि प्रज्ञेला करुणेची जोड का हवी, हेही त्यातूनच उमगते.