विद्यार्थी भीमरावांचा दिवस



लोणावळ्याहून पुण्याला जाणारी सकाळची लोकल आपल्या ओळखीची आहे. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशी एकेक स्टेशने घेत ती जाते आणि प्रत्येक स्टेशनावर वह्या-पुस्तकांची पिशवी खांद्याला लावलेली आपली मुले-मुली तीत चढतात. त्यांतली काही तीन वर्षे नेमाने जातात व पदवी घेऊन येतात. काही मात्र पहिल्या वर्षानंतर दिसेनाशी होतात. घरी विचारले तर उत्तर ठरलेले असते. पैसे पुरेनात, घरात अभ्यासाला जागा नाही, पोराचे मन लागेना, पोरीचे लग्न जमले.

ही कारणे खोटी नाहीत. परंतु याहून कठीण कारणे समोर उभी असताना ज्याने विद्या सोडली नाही, अशा एका विद्यार्थ्याचे जीवन आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. आपण त्यांना परमपूज्य बाबासाहेब म्हणतो. त्यांची तसबीर आपल्या घरात आहे, तिला आपण रोज वंदन करतो. पण तसबिरीतला कोट-चष्मा पाहताना त्या कोटाच्या आत एके काळी उपाशी पोट होते, हे आपण विसरतो. म्हणून आज घटनाकार बाबासाहेब थोडे बाजूला राहू द्या आणि विद्यार्थी भीमराव पाहा.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी मुंबईत आले तेव्हा परळच्या चाळीतली एक खोली हेच सारे घर होते. चूल तेथेच, सरपण तेथेच, निजणे तेथेच. रामजीबाबांनी यावर उपाय काढला. मुलाने संध्याकाळी लवकर निजावे, रात्री दोन वाजता वडिलांनी त्याला उठवावे, आणि घर झोपलेले असताना मिणमिणत्या दिव्याजवळ पोराने वाचावे. जागा मिळत नव्हती, म्हणून बापाने वेळ काढून दिली. घरात जागा नाही असे म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाने ही गोष्ट ध्यानात धरावी.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती, पण अस्पृश्याच्या मुलाला ते शिकविण्यास नकार मिळाला व नाइलाजाने त्यांना फारसी घ्यावी लागली. मॅट्रिकच्या यशाबद्दल त्यांचा सत्कार झाला, तेव्हा गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. बंधूंनो, विचार करा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जी धम्मक्रांती झाली, तिचे एक बीज एका विद्यार्थ्याला भेट मिळालेल्या पुस्तकात होते. आपण आपल्या मुलांच्या वाढदिवसाला काय देतो?

पुढे कॉलेज. घरची ऐपत संपली होती. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात मुल्लर नावाचे प्राध्यापक त्यांना पुस्तके व कपडे देत. त्याच कॉलेजातला खानावळवाला मात्र त्यांना चहा काय, पाणीही देत नसे. अशा वातावरणात त्यांनी १९१२ साली बी.ए. केले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले. ज्याने रात्री दोनला उठविले तो हात डोक्यावरून निघून गेला. त्याच वर्षी जुलै महिन्यात हा बावीस वर्षांचा तरुण सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना पाणी भरू नको म्हणणारा कोणी नव्हता. एकाच टेबलावर बसून जेवता येत होते, ग्रंथालयात कोणतेही पुस्तक हाती घेता येत होते. तेथले जेवण त्यांना रुचत नसे. पुढे वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा खोलीतला सोबती झाला आणि ही मैत्री जन्मभर टिकली. मोठे शहर, मोकळे वातावरण, हातात दरमहा येणारी रक्कम. बिघडायला एवढे पुरे असते. पण भीमरावांनी त्या रकमेचे तीन भाग केले. एक पोटासाठी. दुसरा घरी रमाईकडे. तिसरा जुन्या पुस्तकांसाठी. नाटक-सिनेमाची चैन त्यांनी केली नाही. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी जवळजवळ दोन हजार ग्रंथ जमविले असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. दिवसाचे अठरा तास ते अभ्यासात घालवीत, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. अर्थशास्त्र हा मुख्य विषय. त्याच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान. पदवीला जेवढे लागते तेवढेच वाचावे ही वृत्ती त्यांच्याजवळ नव्हती. सेलिग्मन, जॉन ड्यूई यांसारख्या थोर अध्यापकांच्या तासांना बसण्याची संधी त्यांनी वाया घालविली नाही.

१९१५ साली ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीची उत्पत्ती दैवात किंवा रक्तात नाही, आपल्यातच लग्न करण्याच्या बंधनातून जात टिकते, असा त्याचा गाभा होता. जे दुःख लहानपणी सोसले, त्याचे कारण शोधून ते अभ्यासाच्या भाषेत मांडणे, हे पंचविशीतल्या विद्यार्थ्याने करून दाखविले. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, हे तथागतांनी सांगितले. भीमरावांचा अभ्यास त्याच वाटेने चालला होता.

येथून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र पाठविले. त्यात मुलांबरोबर मुलींनाही शिकविले तर आपली प्रगती झपाट्याने होईल असा विचार होता. स्वतः शिकत असतानाच त्यांना घरच्या लेकींची आठवण होती, हे भगिनींनी विसरू नये.

१९१६ साली ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले. इतक्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजात होते ते पाणतीर लागून बुडाले आणि सामानातली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर तेथे जातीमुळे राहायला जागा मिळेना. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेल्या माणसाला झाडाखाली बसून रडावे लागले.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, झाले तेवढे शिक्षण पुरे. भीमरावांनी लंडनहून निघतानाच चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. ती त्यांनी मनात जपली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार येऊ लागला तरी राहणी चाळीतलीच ठेवली व पैसा साठविला. थोडी मदत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केली, पाच हजार रुपये नवल भथेनांनी उसने दिले, आणि जुलै १९२० मध्ये एकोणतीस वर्षांचा हा प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी होऊन लंडनला गेला.

आता लंडनमधला त्यांचा एक दिवस पाहा. सकाळी उठून घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा, थोडा मुरंबा आणि कपभर पेय घेऊन बाहेर पडायचे. भाडे वाचावे म्हणून पायी चालायचे. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे दार उघडताच आत जायचे आणि दार बंद होईपर्यंत उठायचे नाही. दुपारच्या जेवणाला पैसा नाही आणि वेळही नाही. संध्याकाळी खिसे टिपणांनी भरलेले, चेहरा उतरलेला. रात्री मालकिणीकडचे बेताचे जेवण. पुन्हा वाचन. दहाच्या सुमारास पोटात आग पडे. ओळखीच्या एका हिंदी गृहस्थाने काही पापड दिले होते. त्यांतले मोजके पापड पत्र्यावर भाजायचे, कपभर गरम पेयाबरोबर खायचे आणि पहाटेपर्यंत वाचीत बसायचे. खोलीतला सोबती मध्येच जागा होऊन निजायला सांगे. तेव्हा आपल्याजवळ पैसाही कमी आहे आणि वेळही कमी आहे, अशा अर्थाचे काही सांगून ते पुन्हा पुस्तकात डोके घालीत.

लंडनमध्ये १९२१-२२ साली ज्या घरात ते राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे. त्याची छायाचित्रे आपण पाहिली असतील. नीटनेटकी खोली, मांडून ठेवलेली पुस्तके. छायाचित्रात भूक दिसत नाही. ती आपण आपल्या मुलांना सांगितली पाहिजे.

१९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टरीची सनद त्यांना मिळाली. डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध लिहिला. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातील चलन-धोरणावर त्यात कडक टीका होती, म्हणून परीक्षकांनी तो फिरून लिहावयास सांगितला. पैसे संपल्यामुळे एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस आले. मांडणी पुन्हा केली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. त्याच वर्षी तो प्रबंध मान्य झाला आणि ते डी.एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती पडली ती १९२७ साली. एका पदवीसाठी इतकी वर्षे वाट पाहणाऱ्या या विद्यार्थ्यासमोर एका विषयात नापास झाल्यामुळे कॉलेज सोडणाऱ्या आपल्या मुलाला एकदा उभे करा.

आणि या साऱ्या काळात परळच्या चाळीत रमाई होती. नवरा सातासमुद्रापार, घरात पैशाची चणचण. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. रमाईने विद्यापीठाचे दार पाहिले नाही. परंतु भीमरावांच्या प्रत्येक पदवीत तिचा वाटा आहे. शिकणारा एक असतो, शिक्षणाची किंमत सारे घर भरते. ही किंमत आईबहिणींनी मुकाट्याने भरावी आणि मुलाने ती विसरावी, असे आपल्या घरात होऊ देऊ नका. जो मुलगा कॉलेजात जातो त्याने आईच्या कष्टाचा हिशेब मनात ठेवला पाहिजे. आणि रमाईची नात आज स्वतःच कॉलेजात गेली पाहिजे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात आपण गेला असाल. तेथल्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकट नावाच्या गावच्या लोकांची नावे त्यांत पुष्कळ. एक सुतार आहे, एक सुगंधी द्रव्ये विकणारा आहे. एकेकाने एकेक खांब, कोणी दरवाजा दिला आणि एवढे मोठे चैत्यगृह उभे राहिले. भीमरावांचे शिक्षणही असेच उभे राहिले. रामजीबाबांचा खांब, केळुसकर गुरुजींचा, सयाजीरावांचा, शाहू महाराजांचा, भथेनांचा, रमाईचा. आपल्या वस्तीतील हुशार मुलाचे शिक्षण एकट्या बापाला झेपत नसेल, तर दहा घरांनी दहा खांब द्यावेत. हे आजचे दान आहे.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी याच लोहमार्गावरील देहूरोडला रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती स्थापन केली. आपण तेथे मेणबत्ती लावतो, त्रिशरण-पंचशील घेतो. हे केलेच पाहिजे. पण धम्म स्वीकारल्याची खूण घरातही दिसली पाहिजे. नवससायास सुटले, तो पैसा कोठे गेला? जमिनीचा तुकडा विकून आलेल्या पैशातून लग्नाचा मांडव किती मोठा झाला आणि पुस्तके किती आली? धर्मांतराने सवलती जातील ही भीतीही आता कोणी घालू नये. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा समावेश १९९० साली केंद्राच्या कायद्याने त्या यादीत झाला आहे. कागदपत्रे वेळेवर करा, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा.

तथागतांच्या शेवटच्या उपदेशाचे सार अप्रमाद हे आहे. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणे, हातातला क्षण वाया जाऊ न देणे. विद्यार्थी भीमरावांनी बुद्धाचे चरित्र तरुणपणी वाचले आणि धम्माची दीक्षा आयुष्याच्या अखेरीस घेतली. मधली सारी वर्षे ते अप्रमादाने जगले. आपल्याला दीक्षा आधी मिळाली आहे. तेव्हा आज रात्रीपासून एवढे करा. ठरलेल्या दोन तासांत घरातला दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद ठेवा, मुलाला व मुलीला एक कोपरा द्या, आणि स्वतःला वाचता येत नसले तरी त्यांच्या शेजारी जागे बसा. रामजीबाबाही मुलासाठी असेच जागत होते.

नमो बुद्धाय. जय भीम.