खुनाच्या कैद्यांना नांगर देणारा राजा : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. सरकारी कागदावर ते कारागृह आहे, पण त्याला बंद जेलसारख्या उंच भिंती नाहीत. शिक्षा झालेली माणसं तिथं बायकापोरांसोबत राहतात, शेती कसतात आणि त्यावर पोट भरतात. ८० वर्षांहून जास्त काळ हे चाललंय. याची सुरुवात कुठल्या मोठ्या सरकारनं नाही, तर औंधसारख्या छोट्या संस्थानानं केली. तिथले राजे होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले आणि १९०९ मध्ये गादीवर बसले. संस्थान अवघं ७२ गावांचं, तेही एका जागी नाही. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी माणदेशात, तर काही गावं पार विजापूरकडं. त्यातला बराच मुलूख दुष्काळी. तिजोरी बेताचीच.

लोकांना राजेसाहेब आठवतात ते सूर्यनमस्कारासाठी. ते स्वतः रोज नमस्कार घालायचे आणि शाळांमधूनही त्यांनी ते सुरू केले. ते चित्रकार होते, कीर्तनही करायचे. औंधचं संग्रहालय त्यांनीच उभं केलं. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

माणसावर विश्वास टाकायचा हा त्यांचा स्वभावच. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती. राजेसाहेबांनी कुंडलजवळचा ओसाड माळ दिला आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढं लक्ष्मणरावांनी जेल भोगून आलेल्या माणसांना पहाऱ्यावर ठेवलं. ज्याच्यावर गाव विश्वास ठेवत नव्हतं, त्याच्याच हाती कारखान्याची राखण दिली.

१९३० नंतरच्या काळात मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर औंधला आले. गांधीजींच्या विचारानं ते भारावलेले, लोक त्यांना भारतानंद म्हणायचे. राजेसाहेबांचे चिरंजीव बॅरिस्टर आप्पासाहेब पंत यांच्याशी त्यांचं चांगलं जमलं. कैद्यांना कोंडून ठेवण्याऐवजी मोकळ्या रानात कामाला लावायचं, ही कल्पना फ्रिडमन यांची. तिला हो म्हणणं राजाच्या हातात होतं.

हो म्हणणं सोपं नव्हतं. एखादा कैदी पळाला असता किंवा त्यानं पुन्हा कुणाचा जीव घेतला असता, तर बोल राजालाच लागला असता. ज्यांच्या घरचा माणूस मारला गेला, त्यांच्या डोळ्यांसमोर खुनी मोकळ्या शिवारात फिरणार होता. तरी राजेसाहेबांनी परवानगी दिली. वसाहतीला नाव दिलं स्वतंत्रपूर.

यामागचा विचार गावाकडच्या माणसाला लगेच पटेल. बांधावरून, पाण्यावरून, भावकीतून भांडण होतं. रागाच्या भरात कुऱ्हाड चालते. असा माणूस धंदेवाईक गुन्हेगार नसतो. तो आत जातो, जमीन पडीक पडते, पोरांची शाळा सुटते. १४ वर्षांनी तो बाहेर येतो तेव्हा ना घर राहिलेलं असतं, ना कामाची सवय. स्वतंत्रपुरात शिक्षा माफ होत नव्हती, भोगायची पद्धत बदलत होती.

राजेसाहेबांनी याहून मोठं पाऊलही उचललं. जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं नवी राज्यघटना लागू करून आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. गावपंचायतींकडं कारभाराबरोबर न्यायनिवाड्याचं कामही आलं. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ ला राजेसाहेब गेले, पण वसाहत राहिली.

१९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' आला. कथा ग. दि. माडगूळकरांची. ते आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले, म्हणजे औंध संस्थानातलेच. सिनेमाचं मूळ स्वतंत्रपुरात आहे. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं.

त्याच वर्षी देशात परिविक्षा कायदा झाला. गुन्हा शाबित झाल्यावरही न्यायाधीश गुन्ह्याचं स्वरूप, आरोपीचं वय, त्याची वागणूक आणि परिस्थिती बघतात. त्यांना योग्य वाटलं तर जेलऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडता येतं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला मात्र ही सवलत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षाही आली आहे.

खुल्या कारागृहात कुणाला पाठवायचं हे मात्र कोर्ट ठरवत नाही. काही शिक्षा भोगून झाल्यावर, आतली वागणूक बघून कारागृह खातं कैदी निवडतं. तिथं गेलेल्याला शिक्षेत सूटही जास्त मिळते.

किती वर्षं आत टाकायचं, हे कोर्ट ठरवतं. तो माणूस बाहेर येताना कसा असेल, हा प्रश्न तरी उरतोच. ७२ गावांच्या राजानं त्याचं उत्तर आटपाडीच्या माळावर शोधलं. तिथली शेती आजही कैदीच कसतात.